तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मोठ्या डोळ्यांच्या मुलींबद्दल

"तुझ्या वयाच्या बाईला त्यात एवढं काय दिसतं?" हा प्रश्न मी पंधरा वर्षं ऐकतेय. चाकणच्या ज्या कंपनीत मी जपानी दुभाषी आहे, तिथे माझ्या बॅगेला लटकलेली आझुसा, म्हणजे एका जपानी ॲनिमेतली (कार्टून मालिकेतली) मुलगी, बघून विचारतात. लग्नाकार्यात विचारतात. जपानहून आलेले साहेब लोकही विचारतात, फक्त ते आधी "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, म्हणतात. आजवर मी समोरचा माणूस बघून उत्तर दिलं. कुणाला सांगितलं, भाषा पक्की राहते. कुणाला सांगितलं, चित्रं फार सुंदर असतात. दोन्ही खोटं नाही, पण उत्तर ते नाही. आता एकदाच लिहून टाकते.

मी मारामारीच्या ॲनिमेबद्दल बोलत नाहीये. तलवारी, राक्षस, जगाचा अंत, हे आवडतं म्हटलं की कुणी भुवया उंचावत नाही. अडचण होते ती गोंडस मुलींची. माझ्या बाबतीत 'के-ऑन!'ची. क्योतो ॲनिमेशनने २००९ साली केलेली ही मालिका. शाळेतला संगीताचा क्लब, चार मुली, पुढच्या वर्षी त्यांत येणारी पाचवी आझुसा. सराव कमी, चहा आणि केक जास्त. खलनायक नाही, प्रेमप्रकरण नाही, कुणाचा बाप मरत नाही.

अशा पात्रांबद्दल वाटणाऱ्या ओढीला जपानी चाहते 'मोए' म्हणतात. ते लिहितात कोंब फुटण्याच्या अक्षराने, आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे पेटण्याचा. 'कावाई' म्हणजे गोंडस हे आता आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. पण 'कावाइसो' म्हणजे बिचारं, आणि हे दोन्ही शब्द सख्खे आहेत. मला मराठीत यासाठी 'माया' हाच शब्द जवळचा वाटतो. कुणीतरी धडपडतंय, कमी पडतंय, आणि ते बघून आपल्या आत काहीतरी हलतं. के-ऑनमधली युई परीक्षेसाठी जीव तोडून अभ्यास करते, पास होते, आणि तोवर गिटारच्या शिकलेल्या कॉर्ड विसरून बसते. त्या वेळचा तिचा चेहरा बघून ज्याला काही होत नाही त्याला मी पुढचं काय सांगणार?

मोठं डोकं, मोठे डोळे, गोबरे गाल दिसले की माणसाला जपावंसं वाटतं, हे प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झने १९४३ मध्येच मांडलं होतं. २०१२ साली हिरोशिमा विद्यापीठात हिरोशी नित्तोनो आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पिल्लांचे फोटो दाखवले आणि मग चिमट्याने बारीक तुकडे अलगद उचलायचं काम दिलं. फोटो बघितल्यावर मुलांनी ते जास्त काळजीपूर्वक केलं. म्हणजे गोड काही बघितलं की माणूस नुसता विरघळत नाही, त्याचा हातही जपून चालायला लागतो. हे मला पटतं.

२०१२ सालची मी इथेच थांबले असते. वर ठणकावून सांगितलं असतं की ही मालिका दिग्दर्शित करणाऱ्या नाओको यामादा बाई, पात्रांना रूप देणाऱ्या युकिको होरिगुची बाई, पटकथेची जबाबदारी सांभाळणाऱ्या रेइको योशिदा बाई, तेव्हा हे पुरुषांचं स्वप्नरंजन आहे असं कुणी म्हणू नये. यामादांचा कॅमेरा चेहरा सोडून पायांकडे कसा जातो, टाच उचलली की मुलगी घाबरली आहे हे कसं कळतं, यावर मी तेव्हा अर्धा तास बोलायची.

आजची मी तिला विचारते: बाई गं, मालिका लागायची ती मध्यरात्रीनंतर. मुळातलं चार चौकटींचं कॉमिक ज्या मासिकात यायचं त्याचे वाचक कोण होते? टोकियोतल्या अकिहाबाराच्या ज्या दुकानातून तू ही आझुसा घेतलीस, त्याच दुकानात वरच्या मजल्यावर काय होतं ते तू बघितलंस ना? जिना अर्धा चढून खाली आलीस ना? जपानने २०१४ साली लहान मुलांची अश्लील चित्रणं जवळ बाळगणं गुन्हा ठरवलं, पण कॉमिक आणि ॲनिमे त्यातून वगळले. ती चर्चा मी तेव्हा रोज वाचत होते. "ते वेगळं आणि हे वेगळं" असं मी म्हणत आले. वेगळं आहेच. पण डोळ्यांचं माप तेच आहे, आवाज काढायची पद्धत तीच आहे, आणि मधली भिंत मला वाटायची तितकी जाड नाही. हे मान्य करूनही माझं प्रेम कमी झालेलं नाही. या दोन गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

आता जे सांगायचं टाळत आले ते.

२०१३ चा पावसाळा. बाबा नऊ दिवस आयसीयूत होते. दिवसातून दोनदा पाच मिनिटं आत सोडायचे, बाकी वेळ बाहेरच्या पॅसेजमध्ये. लोखंडी खुर्च्या, खाली अंथरलेल्या चटया, डब्यांतल्या भाजीचा वास आणि त्यावर फिनेलचा. दार उघडून वॉर्डातले मामा ओरडायचे, "बेड नंबर सात, नातेवाईक!" की उठायचं, चिठ्ठी घ्यायची, तळमजल्यावरच्या मेडिकलमधून औषध आणून द्यायचं. रात्री मी थांबायची. आईला दम्याचा त्रास, भाऊ परदेशात. दिवसा आत्या, बाबांची थोरली बहीण.

पहिले सहा दिवस मी काहीच बघितलं नाही. मोबाइलमध्ये के-ऑनचे सगळे भाग होते, पण हात जात नव्हता. सातव्या रात्री, खरं तर पहाटे, मी एका कानात इअरफोन घातला. दुसरा कान मोकळा ठेवला, हाकेसाठी. दुसरा भाग लावला. युईला गिटार घ्यायची आहे, तिला आवडलेली गिटार अडीच लाख येनची, जवळ पैसे नाहीत. म्हणून सगळ्या मिळून एक काम धरतात: रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसायचं आणि जाणाऱ्या गाड्या मोजायच्या. हातात मोजणीचं यंत्र, गाडी गेली की टक. दुपार होते. डबा खातात. परत टक, टक. पुढे मिळालेले पैसे युई मैत्रिणींना परत देते, म्हणते, मी माझ्या पैशात बसेल अशी घेईन, मला तुमच्याबरोबर लवकर वाजवायचं आहे.

मी हसत होते. पुढे वर्षभर मी सगळ्यांना सांगत राहिले की ते हसू नव्हतं, ताणामुळे चेहरा तसा झाला असेल, झोप नव्हती. ते हसूच होतं. मला छान वाटत होतं. सहा दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि त्या वीस मिनिटांत बाबा माझ्या डोक्यात नव्हते.

मामांनी हाक मारलेली मला ऐकू आली नाही. मोकळ्या कानालाही नाही. तेवढ्यात आत्या चहाचा थर्मास घेऊन जिन्याने वर आली. तिने हाक ऐकली, माझ्याकडे बघितलं, थर्मास खुर्चीवर ठेवला आणि स्वतः दाराशी गेली. चिठ्ठी घेऊन माझ्यासमोरून खाली उतरली. बहात्तर वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, जिन्याच्या कठड्याला धरून. मी तिला बघितलं ती खाली जाऊन परत वर येत असताना, हातात कागदी पिशवी घेऊन. तेव्हा मी इअरफोन काढला.

एक इंजेक्शन होतं, वेळेत मिळालं. डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं की त्या पाच-सात मिनिटांनी काही फरक पडला नाही. बाबा दोन दिवसांनी गेले, कशानेही गेलेच असते. हे सगळं मला माहीत आहे. तरी मी ते इथे लिहितेय यावरून ओळखा.

तेराव्याला स्वयंपाकघरात बायका बसल्या होत्या. आत्या कुणाला तरी हळू आवाजात सांगत होती, "भाऊ आत तसा पडलेला, आणि ही कार्टून बघत हसत होती गं. मला कळेचना काय करावं." त्यात चहाडी नव्हती, ती खरंच गोंधळलेली होती. पण मी दारात उभी होते आणि मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "आत्या, तुझा तो बाळकृष्ण तरी कुठे खरा आहे? पितळेचाच ना? त्याला रोज न्हाऊ घालतेस, लोणी भरवतेस, थंडीत अंगावर टोपरं-झबलं घालतेस. तुला चालतं, मला नाही?"

कुणी काही बोललं नाही. कुकरची शिट्टी झाली तेवढीच. तो बाळकृष्ण आत्याच्या आईने तिला लग्नात दिलेला होता. तिला मूल झालं नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

त्या वाक्याकडे मी कितीदा परत गेलेय. दुखवण्यासाठी बोलले, हे तर आहेच. पण ते चूक होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. रांगणारी मूर्ती, गुबगुबीत हात, वर केलेला चेहरा, आणि त्याच्यावर ओतलेली खरी माया. मग लगेच वाटतं, आत्याच्या मागे शेकडो वर्षांची गाणी, पाळणे, सण उभे आहेत, माझ्या मागे एक कंपनी आणि तिचा विक्री विभाग. मग वाटतं, त्याने मायेत काय फरक पडतो? मग वाटतं, पडत असेल.

२०१६ मध्ये कामासाठी नागोयाला गेले होते. सुटीच्या दिवशी माइबाराला गाडी बदलून ओमी रेल्वेने तोयोसातोला उतरले. शिगा जिल्ह्यातलं लहान गाव. तिथल्या प्राथमिक शाळेची १९३७ ची जुनी इमारत हीच के-ऑनमधली शाळा. गावच्या एका माजी विद्यार्थ्याने, व्यापारात मोठं झाल्यावर, दिलेल्या पैशातून ती उभी राहिली, आराखडा व्होरीज या वास्तुविशारदाचा. २००२ च्या सुमारास ती पाडायला निघाले होते, गावकरी आडवे आले, कोर्टात गेले, म्हणून वाचली. जिन्याच्या लाकडी कठड्यावर ससा-कासवाची गोष्ट आहे, ब्राँझच्या छोट्या मूर्तींतून: पायऱ्या चढत जा तशी गोष्ट पुढे सरकते, ससा वाटेत झोपतो, कासव वर पोचतं. तिसऱ्या मजल्यावर चाहत्यांनी क्लबची खोली जशीच्या तशी मांडली आहे. जोडलेली बाकं, कपबशा, केकच्या बशा. मी आत बसले. माझ्याशिवाय एक पन्नाशीचे गृहस्थ होते, ते कपाचा कान नीट एका दिशेला वळवून ठेवत होते. आम्ही मान लववली, बोललो नाही. जाताना जिना उतरताना माझा हात कठड्यावर होता आणि मला आत्या आठवली, कठडा धरून खाली जाणारी. मी त्या कासवाजवळ बरा वेळ बसून राहिले.

१८ जुलै २०१९ ला सकाळी कंपनीच्या बसमध्ये बातमी वाचली. क्योतो ॲनिमेशनच्या फुशिमीतल्या स्टुडिओत एका माणसाने पेट्रोल ओतून आग लावली. छत्तीस माणसं गेली. पुढे नावं आली तेव्हा मी एकेक वाचलं. वर्षानुवर्षं टेबलाशी बसून डोळ्यांतली चमक, केसांची बट, कपातून निघणारी वाफ हाताने काढणारी माणसं. मी त्या दिवशी मीटिंगमध्ये भाषांतर केलं, वाक्य चुकलं नाही, दुपारी संडासात जाऊन रडले.

संध्याकाळी आत्याचा फोन. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तरची. "टीव्हीवर दाखवत होते. ती चित्रं काढणारी माणसं तीच का गं, तुझ्या मुलींची?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "अरेरे. किती लहान होती त्यातली." आणि मग दोघी गप्प. तेराव्याच्या त्या वाक्याबद्दल मी तेव्हाही काही बोलले नाही. ती नाही बोलली.

गेल्या दिवाळीत तिने परत तोच प्रश्न विचारला, "तुला त्यात एवढं काय दिसतं गं?" मी या वेळी काही समजावलं नाही. टॅब तिच्या मांडीवर उशीला टेकवून ठेवला आणि भाग लावला. दुसरा नाही, तो मला तिच्याबरोबर बघवला नसता. कुठलासा साधा, क्लबच्या खोलीतला. मी शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होते. तिने चष्मा पुसून पूर्ण वीस मिनिटं बघितलं. मध्ये एकदा युई सोफ्यावर लोळत असताना "आळशी कार्टी" म्हणाली.

संपल्यावर मी वाट बघत राहिले. तिने टॅब माझ्याकडे दिला आणि विचारलं, "चहा ती पिवळ्या केसांची एकटीच करते का गं रोज? बाकीच्या उठत नाहीत?"

मी ही मालिका सात वेळा बघितली आहे. मुगी चहा करते, ती केक घरून आणते, तिला त्यात आनंद आहे, हे मला पाठ आहे. पण आत्याने विचारलं तसं मी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "बघून सांगते."