पोलीस स्टेशनला रंग तुम्ही का दिलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे विचारणारे तुम्ही पहिले नाही. काम होऊन दोन वर्षं झाली तरी पुट्टीची गोणी न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा पैसे मोजता मोजता हळूच म्हणतं, शेठ, ते पोलीस स्टेशनचं काम तुम्ही लोकांनीच केलं ना, का हो? आणि त्या "का हो"मध्ये सगळं असतं, एखादी केस दाबायची होती का, दुकानासमोरच्या गाड्या उचलू नयेत म्हणून का. माझा मेव्हणा तर तोंडावर म्हणाला, दाजी, हप्ता रंगात दिला म्हणा की!

आमचं मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. ठाण्याची इमारत निजामाच्या वेळची, दगडी, वर गर्डर आणि शहाबादी फरशीचं छत, मागे नंतर जोडलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या. भिंतीला खार फुटलेला, पावसाळ्यात मुद्देमालाच्या खोलीत पोत्यांवर ताडपत्री. आता हे दुरुस्त करणं सरकारचंच काम आहे, त्यात वाद नाही, बांधकाम खातं आहे, पोलिसांच्या घरांसाठी आणि इमारतींसाठी 1974 पासून वेगळं महामंडळ पण आहे. प्रस्ताव जायचे, एस्टिमेट व्हायचं, आणि तोवर साहेबांची बदली. नवीन साहेब आले की पहिल्यापासून.

पण मी त्या छतासाठी नाही दिलं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीला एक पोरगा फोनवर त्रास देत होता, मेसेज, फोटो, नको नको ते. बहीण म्हणाली दादा तू चल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आमच्याकडे ठाण्याची पण त्यातच धरतात, तरी गेलो. महिला हवालदार होत्या, चांगल्या होत्या हां, अशी तक्रार बाईनेच नोंदवून घ्यायची हे 2013 पासून कायद्यातच आहे आणि त्यांनी घेतलीही. पण बसायचं कुठे? मोकळं होतं ते व्हरांड्यातलं टेबल. शेजारच्या बाकावर दारू पिऊन भांडलेले दोघं, पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला आलेलं एक पोरगं आणि बांधाच्या भांडणात डोकं फुटलेले एक आजोबा. वर पंखा खडखड करतोय. भाची अर्धं वाक्य बोलायची आणि थांबायची, बाई म्हणायच्या, बाळा जरा मोठ्याने बोल, ऐकू येत नाही. आता ते मेसेजमधले शब्द ती मोठ्याने कसे बोलणार? शेवटी तिने माझ्या खिशातलं पेन मागितलं आणि एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं, तर बाकावरचा दारुडा मान लांब करून वाचायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो हसला. ते हसणं अजून डोक्यातून जात नाही.

पुढे गणपतीच्या आधी शांतता समितीची मीटिंग झाली, डीजे, मिरवणुकीचा मार्ग, नेहमीचंच, आणि शेवटी साहेबांनी विषय काढला की लोकसहभागातून ठाण्याचं काहीतरी करू. मी हार्डवेअरवाला, सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. मी म्हटलं रंग देतो, पुट्टी देतो, पण आत एक अशी खोली काढा जिला दार आहे आणि दाराला आतून कडी आहे. साहेब हसले, मग भाचीचं सांगितलं तेव्हा हसायचे थांबले.

आम्ही एकच ठरवलं होतं, रोख पैसा कोणी द्यायचा नाही आणि कोणी घ्यायचा नाही, फक्त माल आणि मजुरी. फरशीवाल्याने फरशी दिली, जिनिंगवाल्यांनी खिडक्यांची ग्रिल, फॅब्रिकेशनच्या पोराने वेल्डिंग, कॉलेजच्या एनएसएसच्या पोरापोरींनी दोन रविवार भिंती खरवडल्या, चुन्याने पांढरी झालेली ती पोरं बघून ठाण्यातले शिपाई पण बाह्या सरसावून उतरले. खरा कस लागला तो नाही म्हणण्यात. वाळूवाले एक जण आले, म्हणाले अख्खं छत मी करतो, गळती थांबवायला वर विटांच्या तुकड्यांचा थर घालतात त्या ब्रिकबॅट कोब्यासकट. त्यांचे दोन ट्रॅक्टर तेव्हा त्याच कंपाउंडात जप्त होऊन उभे होते! नको म्हटलं, ते अजून माझ्या दुकानातून खिळा पण घेत नाहीत. एक जण कॅमेरे द्यायला तयार होता, ते पण नको, प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायचा आदेश सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2020 मध्ये दिलाय, तो सरकारनेच पाळू दे, उद्या फुटेज गेलं की कॅमेरा कोणाचा यावरून भांडण नको. आणि देणाऱ्यांच्या नावांची पाटी लावायची नाही. यावर मात्र जोरात झाली, फरशीवाला दोन दिवस बोलत नव्हता.

जप्तीच्या गाड्यांना तर हातच लावता येत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो. एका लुनाच्या पुढच्या चाकातून लिंबाचं झाड वर आलेलं, चांगलं मनगटाएवढं. एनएसएसच्या पोरांनी विचारलं तोडू का, मुद्देमाल कारकून धावत आले, अरे चाक हललं तर पंचनामा कोण बदलणार! झाड तसंच आहे.

पेंटरला भिंतीवर काय लिहायचं यावर पण चर्चा झाली. सद्रक्षणाय खलनिग्रहणाय तर होतंच, ते पोलिसांचं ब्रीदच आहे. बाकी कोणी सुविचार सांगत होतं, कोणी झाडे लावा झाडे जगवा. मी म्हटलं, एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते हे लिहा, ठाणे अंमलदाराच्या अगदी डोक्यावर. कायद्यात आहेच ते, जुन्या पण आणि 1 जुलै 2024 ला नवीन आला त्यात पण. अंमलदार म्हणाले, शेठ, हे बाहेरच्या भिंतीवर लिहू ना. नाही, तिथेच लिहिलं, लाल अक्षरात, आणि तो रंग मी सगळ्यात भारीतला दिला.

आता मेव्हण्याचं. त्याचं अगदीच चूक आहे असं मला म्हणता येत नाही. परवा भाडेकरूच्या फॉर्मसाठी गेलो तर आत पाऊल टाकताच खुर्ची आली, चहा आला, आणि माझ्या आधीपासून दोन बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी म्हटलं त्यांचं आधी घ्या. घेतलं, पण ते मी म्हटलं म्हणून घेतलं. याचं काय करायचं मला कळलेलं नाही. आणि मागच्या पावसात वायरलेस रूमच्या कोपऱ्यात परत गळायला लागलं, तर बांधकाम खात्याच्या आधी फोन मला. मी म्हटलं साहेब, पत्र तिकडे पाठवा, मी रंगवाला आहे.

त्या खोलीत पण डोकावलो. टेबल, दोन खुर्च्या, पंखा आवाज न करणारा. कोपऱ्यात बंदोबस्ताची हेल्मेटं आणि लाठ्या रचून ठेवलेल्या. बाई मला बघून स्वतःच म्हणाल्या, उद्या हलवतो शेठ, जागाच नाही ओ कुठे. मी काही बोललो नाही. कडी लावून बघितली तर ढिली झालीय, एक स्क्रू पडलाय. पोराला पाठवतो उद्या.