घरातलाच क्यूआरएम

मंगळवार, रात्री साडेदहा

माझ्या हॅम रेडिओवर (परवाना घेऊन छंद म्हणून चालवायचा वायरलेस), चाळीस मीटरच्या बँडवर, आज पुन्हा तीच घरघर. कुणी बोलत नसतानाही सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा सातावर चिकटलेला. गेल्या हिवाळ्यात याच वेळेला तो तीनच्या वर जात नव्हता. बँडच्या तळाशी कुणीतरी मोर्समध्ये सीक्यू, म्हणजे ‘कुणी ऐकतंय का’ अशी हाक, देत होतं. कॉलसाइनची, म्हणजे स्टेशनच्या ओळखनावाची, सुरुवात ‘झेडएस’ एवढी हाती लागली, म्हणजे दक्षिण आफ्रिका. पुढची अक्षरं घरघरीत बुडाली. मी उत्तर दिलं, त्यानं परत काहीतरी पाठवलं, तेही तुटक. माझा कॉलसाइन त्याला नीट मिळाला की नाही तेही कळलं नाही. जीव तुटतो अशा वेळी. जवळजवळ सात हजार किलोमीटर पार करून आलेला सिग्नल शेवटच्या दहा फुटांत, माझ्याच घराच्या भिंतींपाशी मरतो.

हिशेब करून पाहिला. एक एस-युनिट म्हणजे सहा डेसिबल. तीनाचा सात झाला म्हणजे २४ डेसिबल वाढले, शक्तीच्या भाषेत साधारण अडीचशे पट. तो झेडएसवाला १०० वॅटवर असेल, तर मला पूर्वीइतकं स्वच्छ ऐकू यायला त्याला २५ किलोवॅट लागतील. आणि मी माझी पॉवर वाढवून उपयोग शून्य, कारण गोंगाट माझ्या ऐकण्याच्या वाटेत बसलाय.

निसर्गाच्या आवाजाशी, क्यूआरएनशी, माझं भांडण नाही. वैशाखात वळवाचे ढग भरून आले की हेडफोनमध्ये कडकड होते, आपण रिग, म्हणजे रेडिओ संच, बंद करतो, ॲन्टेनाची केबल काढून ठेवतो. तेवढं त्याला द्यायचंच असतं. पण हा क्यूआरएम आहे, माणसानं केलेला. वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावरच्या फ्रिक्वेन्सींच्या चित्रात, धूसर पट्टे दिसतात, साधारण ६५ किलोहर्ट्झच्या अंतरानं एकेक, आणि तेही जागेवर राहत नाहीत, हळूहळू सरकतात. विजेच्या खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर असता तर सेकंदाला शंभरदा होणारी भर्रर्र ऐकू आली असती, कारण ५० हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या लाटेला ठिणगी पडते. सरकणारे पट्टे म्हणजे स्विचिंग सप्लाय, वीज झपाट्यानं चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारं सर्किट. तापत जाईल तशी त्याची फ्रिक्वेन्सी हलते. कुठला तरी चार्जर, ॲडॅप्टर किंवा दिवा.

बुधवार

सासूबाईंची मालिका संपेपर्यंत थांबले. मग सगळ्यांना सांगून मेन स्विच खाली केला. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतली होती. ही पद्धत जुनी आणि बिनचूक आहे: आधी घराची वीज पूर्ण बंद, मग एकेक एमसीबी वर.

अंधार झाला आणि काटा सातावरून चारावर आला.

म्हणजे वाढलेल्या चार युनिटांतले तीन घरातलेच होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय घेत बसणाऱ्या प्रत्येक हॅमला माझं हेच सांगणं आहे: आधी स्वतःचा मेन स्विच बंद करा. बाहेरचं नंतर पाहू. (अंधारात मध्येच अर्धा मिनिट काटा उसळला आणि बसला. तेव्हा लिफ्ट वर जात होती. नोंद करून ठेवली.)

हॉलचा एमसीबी वर केला, काही नाही. स्वयंपाकघर, फ्रिज सुरू होताना एक टक्, बाकी काही नाही. आतल्या खोल्यांचा वर केला आणि घरघर परतली. मग लेकाला कामाला लावलं. तो एकेक प्लग काढत गेला, मी ओरडून सांगत गेले. राउटरचा ॲडॅप्टर काढल्यावर एक युनिट गेलं. लॅपटॉपचा चार्जर निर्दोष निघाला. त्याच्या केबलवरची ती जाड गाठ म्हणजे फेराइटच, असा गोंगाट अडवणारा चुंबकीय पदार्थ, तिचं काम ती करत होती.

उरलेलं काही केल्या जाईना. शेवटी जुना ट्रान्झिस्टर काढला, मीडियम वेव्हवर पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झपासून लांब, मोकळ्या जागी ट्यून केला आणि घरभर फिरवला. देवघरासमोर तो किंचाळला. सासूबाईंनी गेल्या दिवाळीत विजेवरच्या समया आणल्या होत्या, दोन छोट्या एलईडींच्या ज्योती. अहोरात्र चालू असतात. त्यांचा ॲडॅप्टर देव्हाऱ्यामागे.

“आई, हा रात्रीपुरता बंद केला तर?”

“देवापुढे अंधार नको गं. तुझ्या रेडिओचं तू बघ, पण दिवा राहू दे.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. घर सगळ्यांचं आहे, आणि माझा छंद चालावा म्हणून कुणाच्या श्रद्धेची वेळ ठरवणं मला जमणार नाही. दिवा राहील, ॲडॅप्टर जाईल.

गुरुवार

ॲडॅप्टर उघडला. काढल्यावर तासभर ठेवून दिला होता, कारण आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चार्ज राहू शकतो आणि तो झटका विसरण्यासारखा नसतो. आधी मीटर लावून पाहिलं, मगच हात घातला.

आतलं दृश्य पाहून वाईट वाटलं. बोर्डावर फिल्टरची जागा व्यवस्थित छापलेली आहे. जिथे कॉमन-मोड चोक (गोंगाट अडवणारं तारेचं वेटोळं) बसायचा तिथे दोन सरळ तारा झाळलेल्या. जिथे आडवा कपॅसिटर असायला हवा तिथे नुसती दोन रिकामी भोकं. म्हणजे आराखडा करणाऱ्याला फिल्टर लागतो हे ठाऊक होतं, त्यानं जागा ठेवली होती. पुढे कुणीतरी काही रुपये वाचवले. ते वाचलेले रुपये कुणाच्या खिशात गेले माहीत नाही, किंमत मात्र बँडवरचे सगळेजण भरतात. उपकरणांमधून होणाऱ्या रेडिओच्या उपद्रवावर मर्यादा ठरवणारी सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ सालची आहे. दिव्यांसाठी तिचं वेगळं मानक आहे. नियमांची वानवा नाही, त्या दोन भोकांत भाग बसवण्याची आहे.

समयांना वेगळा सप्लाय केला. जुन्या कॉर्डलेस फोनचा ट्रान्सफॉर्मरवाला जड ॲडॅप्टर माळ्यावर होता. त्यापुढे ७८०५ रेग्युलेटर आणि दोन कपॅसिटर जोडून पाच व्होल्ट मिळवले. यात स्विचिंगच नाही, त्यामुळे उत्सर्जन नाही. सासूबाईंनी ज्योती पहिल्यासारख्या दिसतात ना ते जवळ जाऊन पाहिलं आणि मान डोलावली.

शनिवार

सकाळी पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आले. फेराइट मिळतात, पण कुठल्या मिश्रणाचे ते विक्रेत्याला बहुधा सांगता येत नाही, आणि इथे मिश्रणावरच सगळं अवलंबून असतं. आपल्या एचएफच्या (३ ते ३० मेगाहर्ट्झ) खालच्या बँड्सना ३१ नंबरचं मिश्रण उत्तम. ४३ वरच्या फ्रिक्वेन्सींना बरं. माझ्याकडे एका मित्रानं परदेशातून आणलेली ३१ ची मोठी कडी होती, २.४ इंच व्यासाची. ती राउटरसाठी वापरली.

नव्या मंडळींना एक गोष्ट कळकळीनं सांगते. केबलवर एक क्लिपवाला फेराइट अडकवला आणि फरक पडला नाही, म्हणून फेराइट कुचकामी असं समजू नका. केबल एकदाच आरपार गेली तर तो एकच वेढा. अडथळा वेढ्यांच्या वर्गानं वाढतो: तीन वेढ्यांना नऊपट, दहा वेढ्यांना शंभरपट. फार वाढवले तर वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समुळे उलटा परिणाम होतो, म्हणून मी बारावर थांबते. राउटरच्या ॲडॅप्टरची आउटपुट वायर बारा वेळा गुंडाळली, कड्यावर एका बाजूला, सुरुवात आणि शेवट एकमेकांपासून लांब. ॲडॅप्टर स्वतः लहान असतो, त्याच्यातून फारसं काही बाहेर पडत नाही. त्याला जोडलेली लांब वायर आणि भिंतीतलं वायरिंग हीच त्याची ॲन्टेना. ती तोडायची, एवढंच काम.

तसाच एक चोक गच्चीवर माझ्या डायपोल ॲन्टेनाच्या मध्यावर बसवला. वीस मीटर लांबीची ती तार उलट्या ‘व्ही’सारखी बांधलीय. चोक नसेल तर कोॲक्सचं, म्हणजे ॲन्टेनाच्या केबलचं, बाहेरचं कवच घरातला आणि इमारतीतला गोंगाट गोळा करून वर नेतं आणि ॲन्टेनाच्या तोंडाशी आत सोडतं.

रात्री काटा तीनावर. घरातलं संपलं.

रविवार

आता बाहेरचं. दिवसा वीस मीटरचा बँड ऐकताना लक्षात आलं होतं की आवाज उन्हाबरोबर वाढतो. ढग आला की हलतो, सूर्य मावळला की जातो. एवढ्यावरूनच सोलर ओळखता येतो. ट्रान्झिस्टर घेऊन गच्चीवर गेले. त्याच्या आत फेराइटची कांडी असते, तिचं टोक उगमाच्या दिशेला रोखलं की आवाज मंदावतो. टोक शेजारच्या बंगल्याकडे होतं. काकांनी पावसाळ्यानंतर छतावर पॅनेल बसवलेत.

त्यांच्याकडे जायला मला संकोच वाटत होता. उन्हाची वीज करणाऱ्या माणसाकडे तक्रार कशी न्यायची? चांगलं काम करतायत ते. सरकार दरबारी लिहिता येतं, पण शेजाऱ्याशी बोलायच्या आधी अर्ज करणं मला मान्य नाही.

ट्रान्झिस्टर घेऊनच गेले. इन्व्हर्टरजवळ धरून ऐकवला.

काका म्हणाले, “अगं, हे एवढं ओरडतंय आणि मला पत्ताच नाही! पण मग एक सांग, सकाळी माझ्या कॉम्प्युटरचे स्पीकर मधूनमधून बदकासारखे का बोलतात? मी तर ते बंदच ठेवतो, नुसता प्लग चालू असतो.”

तो मी होते. सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या रेडिओवरच्या ठरलेल्या भेटीत, मी बोलते तेव्हा स्पीकरची वायर माझा सिग्नल उचलते, आतला ॲम्प्लिफायर त्याचा बरावाईट अर्थ लावतो, आणि माझा आवाज एसएसबी पद्धतीनं जात असल्यानं शब्द कळत नाहीत, नुसतं क्वॅक क्वॅक होतं. माझा ट्रान्समीटर परवान्याच्या चौकटीत आहे, हार्मोनिक स्वच्छ आहेत, तरी त्यांची सकाळ बिघडत होती. लगेच घरी जाऊन एक कडं आणलं आणि त्यांच्या स्पीकरची वायर गुंडाळून दिली. लेकाला फोन करून रिगवर बोलायला सांगितलं (त्याच्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना आहे). स्पीकर गप्प. काकूंनी पोहे केले.

मग सोलर. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची प्लसची वायर कठड्याच्या एका बाजूनं आणि मायनसची दुसऱ्या बाजूनं आणली होती. मध्ये प्रचंड मोठा लूप तयार झाला होता, म्हणजे आयती ॲन्टेना. काकांनी बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. मुलगा समंजस होता. दोन्ही वायरी शेजारी शेजारी एकाच पाइपात घेतल्या, आणि दोन्ही एकत्रच फेराइटमधून गुंडाळल्या. एकत्र का, तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि फेराइटचा गाभा चुंबकत्वानं भरून जात नाही. एकेकटी वायर गुंडाळली असती तर डीसीनं फेराइट निकामी झालं असतं. त्यानं आपल्या मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला, पुढच्या कामाला असंच करतो म्हणाला. मला त्याचा फार आनंद झाला.

सोमवार, रात्र

काटा तीनावरच. एकदम गप्प नाही, शहरात ते होणारही नाही.

नवऱ्यानं विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी, आजकाल संगणकावरचे डिजिटल मोड तर गोंगाटाखालचंही ओढून काढतात. खरं आहे, एफटी-८ काढतं. पण त्याखालीही एक तळ असतोच, तो वर सरकला की त्याचीही पोहोच घटते. आणि मला माणसाचा आवाज ऐकायचा असतो. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या, हॅम रेडिओच्या मोहिमेवर गेलेल्या. फोन बंद पडले आणि त्यांच्या रेडिओवरून निरोप मुख्य भूमीवर येऊ लागले. असे निरोप घेणारे आपल्यासारखेच घरात बसलेले असतात. तेव्हा सिग्नल कसा असेल ते कुणाच्या हातात नसतं, आपला काटा कुठे असेल ते असतं. मला तो तीनावर हवा.

उरली लिफ्ट. तिची मोटर चालवणारा ड्राइव्ह प्रत्येक फेरीला अर्धा मिनिट सगळा बँड झाकतो. मेंटेनन्सवाल्याशी बोलले. इनपुटला लाइन फिल्टर बसतो, मोटरच्या केबलचं शील्डिंग दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडावं लागतं, असं त्यानंही मान्य केलं. खर्च सोसायटीचा, म्हणजे सभेत मांडावा लागेल. अर्जाला फेऱ्यांच्या वेळा आणि वॉटरफॉलचे फोटो जोडलेत. रविवारच्या सभेआधी चेअरमनना गच्चीवर नेऊन एकदा कानांनी ऐकवायचंय.