रिकामी डबी

देवगडात माझं मेडिकल आहे. एप्रिलच्या मध्यातली गोष्ट, आंब्याचा सीझन जोरात, दुपारी दोनचा सुमार, शटर अर्धं खाली ओढून जेवायला निघणार तेवढ्यात हा आला. नेहमीचा माणूस, 34 वर्षांचा, स्वतःची कलमं आहेत, हातावर आंब्याच्या चिकाचे काळे डाग. दुकानात दुसरं कोणीच नव्हतं तरी म्हणाला, "दादानू, जरा भायर येतास?"

बाहेर पायरीवर बराच वेळ गप्प बसला, मग खाली बघत सांगितलं. लग्नाला दीड वर्ष झालं, मूल नाही, म्हणून डॉक्टरांनी वीर्य तपासायला सांगितलं होतं. लॅबवाल्याने डबी दिली, हा आत गेला आणि रिकामी डबी घेऊन बाहेर आला. दोनदा असंच झालं. "सगळा बरोबर होता, पण शेवटाक कायच येणा नाय. येक थेंब नाय." आणि मग हळूच, बायकोबद्दल, "घरात लोका तिकाच बोलतत. आता आवशीक काय सांगू?" आवशीक म्हणजे आईला.

मी विचारलं डायबेटीस आहे का, कारण त्यात नसा खराब होऊन असं होतं. नाही म्हणाला. कुठलं ऑपरेशन? नाही. कसली गोळी चालू आहे? तर म्हणाला, "तीच, खड्याची, तुमीच देतास ती."

माझ्या पोटात धस्स झालं.

दिवाळीनंतर याला मूतखडा झाला होता, डॉक्टरांनी टॅमसुलोसिन 0.4 मिग्रॅ लिहून दिली होती, चार आठवडे. खडा पडला, सोनोग्राफीत सगळं साफ दिसलं. पण याला परत ती कळ नको होती म्हणून दर महिन्याला रिकामी स्ट्रिप घेऊन यायचा आणि मी किंवा माझा मुलगा तीच गोळी कापून द्यायचो. पाच महिने. प्रिस्क्रिप्शन कुणी मागितलंच नाही, मी तर नाहीच नाही.

आणि मला हे माहीत असायला हवं होतं हो, दुसऱ्या कुणाहीपेक्षा मला. बी.फार्मला असताना आम्ही पांढऱ्या उंदराची शुक्रवाहिनी, म्हणजे बीज पुढे नेणारी नळी, काढून ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे काढलेला अवयव जिवंत ठेवायच्या भांड्यात, टांगायचो. पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड पांढरी दोरी, कोमट द्रावणात, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. नॉरअॅड्रेनालिनचे थेंब सोडले की ती दोरी आखडायची, तिला बांधलेला लीव्हर वर जायचा आणि काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ उभी राहायची. मग प्राझोसिन घालायचं, परत तेवढंच नॉरअॅड्रेनालिन सोडायचं आणि लीव्हर जेमतेम हलायचा. प्राझोसिन आणि टॅमसुलोसिन एकाच घरातली औषधं, दोन्ही अल्फा-1 रिसेप्टर अडवतात, म्हणजे पेशीवरची ती जागा जिथे नॉरअॅड्रेनालिन चिकटलं की आवळायचा हुकूम मिळतो. आमचे सर म्हणायचे रिसेप्टर डोळ्याने बघायचा असेल तर हीच दोरी बघा.

त्याला सोप्या भाषेत सांगितलं. खडा अडकतो त्या नळीच्या खालच्या टोकाला हे रिसेप्टर असतात, गोळीने ते अडवले की नळी सैल पडते आणि खडा घसरतो. पण तेच रिसेप्टर शुक्रवाहिनीत, वीर्याच्या पिशवीत आणि मूत्राशयाच्या तोंडाशीही असतात, आणि तिथे आवळलंच नाही तर वीर्य पुढे येणार कसं? बीज तयार होतंय, त्याला ढकलणारं कोणी नाही. खूप जणांना वाटतं ते उलटं मूत्राशयात जातं, पण 2006 साली छापून आलेल्या अभ्यासात 48 निरोगी पुरुषांना याच गोळीचा दुप्पट डोस 5 दिवस दिला होता, साधारण 35 टक्क्यांचं वीर्य पूर्ण बंद झालं, 90 टक्क्यांचं कमी झालं, आणि लघवीत मात्र शुक्रजंतू वाढलेले दिसले नाहीत. म्हणजे बहुतेकांचं ते मुळात सुटतच नाही.

"म्हणजे माझ्यात दोष नाय?" त्याने दोनदा विचारलं. म्हटलं तपासल्याशिवाय तेवढं नाही सांगणार, पण डबी रिकामी राहायचं कारण बहुतेक ही गोळीच. त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, माझी चूक सांगितली, ते रागावले आणि रागावायलाच हवं होतं. गोळी बंद, दहा दिवसांनी परत तपासणी.

ते दहा दिवस मला नीट झोप नव्हती.

तो आला तेव्हा मोबाईलवर रिपोर्ट उघडूनच आला. 2.6 मिली, शुक्रजंतू व्यवस्थित. काही बोलला नाही, माझा हात धरून उभा राहिला.

दोन दिवसांनी त्याची बायको एकटीच आली. तिचं पहिल्यांदाच नीट बोलणं ऐकलं मी. म्हणाली, "भाऊ, त्या गोळीचं काय झालं ते मराठीत कागदावर लिहून द्या. सासूबाईंना वाचून दाखवायचंय." गिऱ्हाईक उभं होतं, त्याला थांबवलं आणि बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर सगळं लिहिलं, गोळीचं नाव, पाच महिने, आणि गोळी प्रिस्क्रिप्शनशिवाय मी दिली हेसुद्धा. तिने उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, मग म्हणाली, खाली सही करा.