एमएस्सी, दोन नावं आणि पहिली नोकरी

मी सोलापूरचा, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी केलंय आणि आता हैदराबादला एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये आहे. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या कागदावर मुलगी लिहिलेलं होतं. आपल्यातले, म्हणजे ट्रान्स आणि समलिंगी, जे एमए, एमएस्सी, पीएचडी करतायत त्यातले बरेच जण मला विचारतात की नोकरीचं कसं जमवलं, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

आमच्याकडं केमिस्ट्रीच्या पोरांचं ठरलेलं असतं, चिंचोळी एमआयडीसी, नाहीतर पुणे, नाहीतर सरळ हैदराबादची गाडी. 2022 ला मी सेकंड इयरला होतो. वर्गातली पोरं माझ्याशी "काय बे" करूनच बोलायची, तिथं काही प्रॉब्लेम नव्हता, खरा प्रॉब्लेम रेझ्युमे लिहायला बसलो तेव्हा सुरू झाला. वर नाव कुठलं टाकायचं? दहावीपासून सगळ्या मार्कशीटवर जुनं नाव आणि समोर उभा मी.

पहिला इंटरव्ह्यू पुण्याला होता. टेक्निकल राउंड मस्त गेला, एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायच्या मशीनवर विचारलं, पीक टेलिंग का होतं, सिस्टिम सुटॅबिलिटीत काय काय बघतात, सगळं सांगितलं, घेणारे सर खूश होते. मग एचआरनं फाईल उघडली, एकदा मार्कशीट बघितली, एकदा मला बघितलं आणि म्हणाला, "चुकून बहिणीची फाईल आणली का?" मी खरं ते सांगितलं. "कळवतो" म्हणाले, ते आजपर्यंत कळवतायत. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं परत निघालो, कुर्डुवाडी गेली तरी आईला फोन करायचं धाडस झालं नाही.

दोन दिवसांनी आमच्या डिपार्टमेंटचं प्लेसमेंट बघणाऱ्या मॅडमना सांगितलं. हात थरथरत होते माझे. मॅडमनी वही काढली आणि तीन गोष्टी विचारल्या, शिफारसपत्रात कुठलं नाव लिहू, कंपनीतून चौकशीचा फोन आला तर तुझ्याबद्दल काय बोलू, आणि इथं हे कुणाकुणाला कळलेलं तुला चालेल. तिसरा प्रश्न मला सुचलाच नव्हता! व्हेरिफिकेशनवाले ऑफिसात फोन करतात आणि क्लार्क सहज "हो, ती मुलगी आमच्याकडंच होती" म्हणून जातो, त्या एका वाक्यानं सगळं बाहेर येतं. मॅडमनी मला विचारून फक्त एका क्लार्कना सांगितलं आणि माझ्याबद्दलचे सगळे फोन त्यांनीच घ्यायचे असं ठरवलं. शिक्षकांपैकी कुणी वाचत असेल तर एवढंच करा हो, पोराला विचारा आणि ते सांगेल तेवढंच पुढं सांगा.

आता कागदांचं. ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा 2019 चा, नियम 2020 चे, आणि त्याचं एक राष्ट्रीय पोर्टल आहे, अर्ज तिथं ऑनलाइन करायचा. मी केला तेव्हा सोबत ॲफिडेव्हिट लागायचं, जिल्ह्यात सलग 12 महिने राहत असल्याचं दाखवावं लागायचं, आणि प्रमाणपत्र जिल्हाधिकारी द्यायचे. तेव्हाच्या नियमांत साफ लिहिलेलं होतं की यासाठी मेडिकल तपासणी करायची नाही, मी त्या पानाची प्रिंट बॅगेत ठेवूनच फिरायचो. या पहिल्या प्रमाणपत्रावर ट्रान्सजेंडर असं यायचं, पुरुष किंवा स्त्री असं हवं असेल तर सर्जरीनंतर कलम 7 खाली वेगळा अर्ज असायचा. पण नाव बदलायला पहिलंच पुरायचं, त्याच कायद्यात तसं म्हटलं होतं. मी आधी आधार केलं, मग पॅन, मग बँक. मार्कशीटचं काम सगळ्यात लांबतं, तोपर्यंत दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं ॲफिडेव्हिट जोडत राहिलो. हे सगळं फर्स्ट इयरलाच सुरू करा, मी सेकंड इयरला केलं आणि दोन चांगल्या संधी नुसत्या कागदांपायी गेल्या.

नव्या नावाचं कार्ड हातात आलं त्या दिवशी आई कारखान्यातून आली होती, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कडा शिवते ती, पदराला अजून सूत चिकटलेलं. तिनं कार्ड उजेडात धरलं, बोट ठेवून ठेवून नाव वाचलं आणि म्हणाली, "आडनाव आपलंच हाय की." मग भाकरी टाकायला गेली.

एक गोष्ट करिअर गायडन्सच्या कुठल्याच लेक्चरला कुणी सांगत नाही. औषध कंपनीत प्रॉडक्शनला गेलात की चेंज रूम असते, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, तिथं बाहेरचे कपडे काढून कंपनीचे घालायचे, रोज, सगळ्यांसमोर. मी छातीला बाइंडर लावायचो तेव्हा, छाती सपाट दिसावी म्हणून घालतात तो घट्ट कपडा. रात्र रात्र त्या एका खोलीचा विचार करायचो. हैदराबादच्या एका सिनियरनं सांगितलं की त्यांच्या क्यूसी लॅबमध्ये आपल्याच कपड्यांवर ॲप्रन चढवतात, आणि मी ठरवलं की क्यूसीच. पगार प्रॉडक्शनपेक्षा थोडा कमी मिळाला, चालतंय. ज्याला जे क्षेत्र आवडतं ते त्याला अशा कारणानं सोडावं लागू नये असं मनापासून वाटतं, पण तेव्हा मला नोकरी हवी होती.

मॅडमनी चार वेळा खोटा इंटरव्ह्यू घेतला माझा, मुद्दाम वाकडे प्रश्न विचारून. त्यात माझं उत्तर तयार झालं, "कागदांवर जुनं नाव आहे, बदलाचं प्रमाणपत्र सोबत जोडलंय, कामाबद्दल विचारा." हैदराबादच्या कंपनीला मी सिलेक्शन झाल्यावर आणि कागद पाठवायच्या आधी मेल केला, त्यात नाव, प्रमाणपत्र आणि एकच प्रश्न, तुमच्याकडं तक्रार अधिकारी कोण आहे? त्याच 2019 च्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणं प्रत्येक आस्थापनेत तो असायलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अधिकाऱ्याचं नाव होतं आणि खाली विचारलं होतं, आयडी कार्डवर नाव कसं छापू.

सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही. समलिंगी मित्रांना तर कागदाचा आधारही नसतो, त्यांचा प्रश्न वेगळाच, ऑफिसात "लग्न कधी" विचारलं की रोज खोटं बोलायचं का. अशा दोघा-तिघांना मी पुण्यातल्या समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेबद्दल सांगितलंय.

रविवारी सोलापूरला येतोय. आमच्याच डिपार्टमेंटची एक ज्युनियर आहे, ट्रान्स मुलगी, फर्स्ट इयरला, तिचा पोर्टलवरचा फॉर्म भरायला बसायचंय. फोटो जुना लावू की आत्ताचा, असा काल रात्री मेसेज आला होता तिचा. आत्ताचाच लाव म्हटलं, आणि मॅडमना पण बोलावलंय.