‘कसं वाटलं?’ विचारणं सोडलं आणि मिक्स सुधारायला लागला

घरी बसून इलेक्ट्रॉनिक म्युझिक करणाऱ्या कुणालाही विचारा, ट्रॅक बनवणं एक वेळ जमतं पण तो नीट ऐकून काय बिघडलंय ते सांगणारं माणूस मिळत नाही. मला अशी माणसं मिळाली, आणि त्यातली बरीचशी म्युझिक प्रोड्युस करणारी नव्हतीच, म्हणून हे सविस्तर लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

ट्रॅक असा आहे: १२४ बीपीएम (मिनिटाला १२४ ठोके), ए मायनर (मूळ सूर ए), खाली फोर ऑन द फ्लोअर किक, म्हणजे प्रत्येक ठोक्याला ड्रमचा धप्प आवाज, एक सिंथ बेस (खालचे सूर), मागे पसरलेला पॅड (लांबवलेल्या सुरांचा मऊ थर) आणि सगळ्यात वर हलगी. हलगी सॅम्पल पॅकमधली नाही, आमच्या कोल्हापुरातल्याच, गल्लीतल्या एका काकांनी आमच्या घरी येऊन वाजवलेली आहे. कंडेन्सर माईक मुद्दाम पाचेक फूट लांब ठेवला होता कारण हलगी जवळून घेतली की नुसता कडकड आवाज येतो, कातड्याचा जो सूर असतो तो येतच नाही. गेन, म्हणजे माईकचा आवाज किती उचलायचा ते, कमी ठेवून २४ बिटमध्ये घेतलं. दुपारची वेळ, पंखा बंद, खिडक्या बंद, काका घामाघूम झालेले पण एका दमात वाजवलं त्यांनी.

मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत नीट बसवणं, झाला असं वाटल्यावर मी सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, कसं वाटलं सांगा. उत्तरं आली: भारी, नादखुळा, कडक, आगीचे इमोजी. मनापासून होतं सगळ्यांचं, बरंही वाटलं, पण त्यावरून मी नेमका कुठला फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर घेऊ आणि कुठला खाली हे काही कळेना. मग मी पद्धत बदलली. एका माणसाला एकच प्रश्न, तोही अगदी छोटा. ‘दुसऱ्या मिनिटाला बेस येतो तिथे किक ऐकू येते का?’ ‘हेडफोन लावून ऐक, कानाला काही टोचतं का? टोचलं तर वेळ लिहून पाठव.’ असं विचारलं की माणूस खरंच ऐकतो. आणि फाईल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, म्हणजे जशी आहे तशी जाते. फोनवर वाजवून त्याची व्हॉईस नोट पुढे पाठवली तर समोरचा ज्याच्यावर मत देतोय तो आपला मिक्स नसतोच.

पहिला कामाचा फीडबॅक हलगीवाल्या काकांचा. त्यांना मिक्सिंग म्हणजे काय हे माहीत नाही आणि मी सांगायलाही गेले नाही. फक्त विचारलं, काका, तुमची हलगी तुमच्यासारखी वाजतेय का? त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, वाजतंय झ्याक, पण माझा डावा हात कुठं गेला?" मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. उजव्या हातात त्यांची जाडसर काठी असते, ती ठोके देते, आणि डाव्या हातातली बारीक काडी मधल्या जागा भरत जाते, अगदी हलकी, जवळजवळ कातड्याला नुसती चाटून जाते. सगळी चाल त्या काडीत असते. आणि माझ्या मिक्समध्ये ती काडी नव्हती!

प्रोजेक्ट उघडून एकेक प्लगिन बंद करत गेले तेव्हा कारण सापडलं, नॉईज गेट. खोलीचा आणि रस्त्याचा बारीक आवाज कापायला लावला होता, आणि गेटला काय, ठरावीक लेव्हलच्या खालचं सगळं सारखंच, त्याने गाड्यांच्या आवाजासोबत काकांची काडीही कापून टाकली. गेट काढला. रस्त्याचा जो घुमणारा आवाज होता तो हाय पास फिल्टर, म्हणजे ठरावीक सुराच्या खालचं कापणारा फिल्टर, १२० हर्ट्झच्या आसपास लावून बराच गेला, कारण हलगीचं त्याच्या खाली फारसं काही नसतंच. मग मोठा आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे दाबायला सुरुवात करायचा वेळ, जरा सावकाश केला म्हणजे काठीचा ठोका पूर्ण बाहेर येतो आणि मग आवाज दाबला जातो. राहिलेला थोडा नॉईज किक आणि बेस सुरू झाल्यावर कुणाला ऐकूही येत नाही. परत काकांना ऐकवलं, ते नुसते हसले आणि टेबलावर वाजवायला लागले.

पुढचं प्रकरण जास्त अवघड होतं. माझ्या भावाला मी गाडीत ऐकायला सांगितलं होतं आणि प्रश्न होता, बेसच्या सगळ्या नोट सारख्या वाटतात का. तो म्हणाला, नाही, एक नोट आली की दरवाजाचं पॅनेल थरथरतं आणि बाकीच्या नुसत्या येऊन जातात. घरी माझ्या खुर्चीत बसून ऐकलं तर बरोबर उलट, तीच नोट मला कमी वाटायची, म्हणून तर मी तिथे ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करायचं साधन) वर उचललेली होती. दोघांचेही कान ठीक आहेत मग हे काय?

ते सोडवलं आमच्या ओळखीच्या एका साऊंडवाल्या दादांनी. लग्नं, मंडळांचे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा असं सगळं ते करतात. घरी आले, ट्रॅक पूर्ण ऐकलाच नाही, म्हणाले, ताई आधी मला किक आणि बेस दोनच ऐकवा, बाकी सगळं म्यूट करा. ऐकलं आणि लगेच विचारलं, ही खोली किती बाय किती? म्हटलं दहा बाय दहा. त्यांनी वर बघितलं, स्लॅबही जवळपास तेवढ्याच उंचीवर. मग सॉफ्टवेअरमध्ये ५५ हर्ट्झचा साधा साईन टोन (एकाच सुराचा सलग आवाज) लावायला सांगितला आणि म्हणाले, आता उठा आणि खोलीत फिरा.

हे प्रत्येकाने एकदा करून बघावंच. मधे खुर्चीपाशी उभी होते तिथे तो टोन जवळजवळ ऐकूच येत नव्हता. मागच्या भिंतीकडे एकेक पाऊल सरकत गेले तसा वाढत गेला, भिंतीला टेकले तर छातीत घुमायला लागला, कोपऱ्यात तर असह्य. स्पीकर तेच, व्हॉल्यूम तोच, मी फक्त चालत होते.

हिशोब सोपा आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. त्याची दुप्पट करून ३४३ ला भागलं की ५६ येतात, म्हणजे माझ्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास दोन भिंतींच्या मधे लाट अडकून उभी राहते, भिंतीपाशी जोरात आणि बरोबर मधोमध नाहीशी. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्या तर तिन्ही दिशांना तोच आकडा येतो, म्हणून अशी घनासारखी खोली मिक्सिंगला सगळ्यात वाईट. आणि माझा ट्रॅक ए मायनरमध्ये, बेसचा मूळ ए बरोबर ५५ हर्ट्झचा! म्हणजे ज्या नोटवर सगळा ट्रॅक उभा आहे नेमकी तीच नोट माझ्या खुर्चीत ऐकू येत नव्हती.

दादांनी टेबल सरकवायला लावलं. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर कान आले की सुरुवात करायला ठीक असं मानतात, आमच्याकडे ते पावणेचार फुटांच्या आसपास येतं. दोन्ही स्पीकर मात्र डाव्या-उजव्या भिंतींपासून सारख्याच अंतरावर ठेवले नाहीतर स्टिरिओ बिघडतो. मी फोम लावायचा विचार करत होते, ते म्हणाले पैसे घालवू नका, ५५ हर्ट्झची लाट सहा मीटरच्या वर लांब असते, दोन इंचाचा फोम तिला काय अडवणार, त्याने फक्त वरचा आवाज मरतो आणि खोली अजूनच घुमी वाटते. कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) चार इंची पॅनेल उभे केले, त्याने मधला घुमेपणा बराच कमी झाला, पण खालच्या बेससाठी मी आता खोलीवर विश्वास ठेवत नाही, हेडफोनवर आणि गाडीत तपासते. ए वरची ईक्यूची उचल काढून टाकली, बेसला किकवरून साईडचेन लावली म्हणजे किक पडली की बेस क्षणभर खाली बसतो. भावाने परत गाडीत ऐकलं, पॅनेल गप्प.

अजून एक, रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात बेस ठरवू नका. हळू आवाजात कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. आपल्याला बेस कमी वाटतो, आपण वाढवतो, सकाळी मोठ्याने लावला की सगळं ढब्ब. हलगीची लेव्हल, पॅडची लेव्हल हे मात्र हळू आवाजात छान ठरतं.

पॅडचं प्रकरण मैत्रिणीने पकडलं. ती ट्रॅक छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत होती, म्हणाली मधे एकदम रिकामं का होतं? मास्टरवर (जिथे सगळा ट्रॅक एकत्र होतो तो शेवटचा चॅनेल) मोनोचं, म्हणजे डावं-उजवं एकत्र करायचं, बटण दाबलं आणि दिसलंच, पॅड रुंद करायला मी एका बाजूला काही मिलिसेकंदांचा डिले दिला होता, दोन्ही बाजू एकत्र झाल्या की त्या एकमेकांना खोडत होत्या. डिले काढला, एकाच पार्टचे दोन वेगळे टेक वाजवून डावी-उजवीकडे टाकले, मोनोतही टिकतात. आणि आपल्याकडे कार्यक्रमांत मोठे सिस्टिम बऱ्याचदा मोनोच चालवतात असं दादा म्हणाले, म्हणजे ही फक्त छोट्या स्पीकरची गोष्ट नाही.

आवाज मोठा करण्याबद्दलही दादांनी एक गोष्ट करायला लावली. मास्टरवरचा लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर दाबून धरणारं प्लगिन) काढून टाका, पीक, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, उणे ६ डीबीच्या आसपास राहू दे, आणि ज्या ट्रॅकसारखा आवाज हवाय तो शेजारच्या चॅनेलवर टाकून त्याची लेव्हल तुमच्या मिक्सएवढी खाली आणा, मगच तुलना करा. लेव्हल सारखी केली नाही तर मोठा वाजणाराच कानाला चांगला वाटतो, त्यात कुणाचाच अपवाद नाही. लिमिटर दाबून मी ट्रॅक उणे ७ एलयूएफएसला (ट्रॅक एकूण किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) नेला होता, स्पॉटिफाय नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळी गाणी सारख्या आवाजाला आणणं, चालू असेल तर साधारण उणे १४ ला आणून वाजवतं, म्हणजे ते सात डीबी परत खाली येणार आणि हलगीचा ठोका मात्र चेपलेलाच राहणार. आता उणे १० च्या आसपास आहे, ट्रू पीक उणे १. काठी पडली की पडलेली कळते.

सगळा फीडबॅक मी घेतला नाही. काकांना हलगी अजून मोठी हवी आहे, ते मी केलेलं नाही, कारण तिथून वर नेली की ३ किलोहर्ट्झच्या आसपास हेडफोनवाल्यांना टोचायला लागते, दोघांनी तर वेगवेगळं ऐकून एकच वेळ लिहून पाठवली होती. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं एकाच जागी बोट ठेवतात तेव्हा मी तिथे नक्की बघते. आणि इंट्रो लांब आहे असं जवळपास सगळ्यांचं म्हणणं पडलं. ३२ बार (एक बार म्हणजे चार ठोके) आहे, म्हणजे १२४ ला बासष्ट सेकंद नुसती किक आणि हळूहळू उघडणारा फिल्टर. पण एका डीजे मित्राला विचारलं तर तो म्हणाला, एक बारही कापू नको, मला आधीच्या गाण्यातून यायला एवढी जागा लागतेच. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून मी दोन व्हर्जन केल्यात. डीजेंसाठी इंट्रो ३२ बारचीच ठेवलीय आणि फोनवर ऐकणाऱ्यांसाठी ८ बारनंतर लगेच काकांची हलगी सुरू होते. दोन्ही फाईल काकांच्या मुलाकडे दिल्यात, काकांना मोठ्या स्पीकरवर ऐकायचंय म्हणे.