डाव्या कॅलिपरचा रंग तिसऱ्यांदा सुटला, पण चोर सापडला

आधी चांगली बातमी. मागच्या चाकांचे दोन्ही ब्रेक ड्रम रंगवून झाले! वायर ब्रशने गंज उडवला, १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, काळ्या मॅटचे दोन पातळ हात दिले, दीड तासात मोकळी. अलॉय चाकांच्या आतून ते गंजके डबे दिसायचे ते गायब. स्विफ्टवर इतक्या कमी मेहनतीत इतका फरक दुसऱ्या कशाने पडलेला मला आठवत नाही.

आता रडगाणं. पुढच्या डाव्या कॅलिपरने (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) पुन्हा मान टाकली. शनिवारी चाक काढलं तर ब्लीड निपलच्या (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा पोकळ स्क्रू) खाली रुपयाएवढा लाल रंग मऊ पडलेला. नख लावलं तर सायीसारखा गोळा होऊन आला. खाली लोखंड स्वच्छ, गंजाचा ठिपकाही नाही. उजवा मात्र टणटणीत.

पहिल्या वेळची चूक तुम्हाला माहीत आहेच. 'हाय टेंप' म्हणून दुकानदाराने सायलेन्सरचा रंग गळ्यात मारला आणि डब्यावरचे ६०० अंश वाचून मीही भुलले. तो रंग पक्का व्हायलाच दोनशेच्या आसपास किंवा वर ताप लागतो. माझा कॅलिपर सिंहगड उतरून आल्यावरही इन्फ्रारेड थर्मामीटरवर ११० च्या पुढे गेला नाही, म्हणजे रंग शेवटपर्यंत कच्चाच राहिला. दुसऱ्या वेळी खास कॅलिपरचा स्प्रे आणला, तोही सुटला तेव्हा खापर पावसावर फोडलं. तिसऱ्या वेळी कोरडी हवा बघून, ब्रेक क्लीनरने दोनदा धुऊन रंगवलं. तरी तेच, आणि तेही त्याच जागी. दमट हवा काय फक्त डाव्या चाकालाच लागते?

बसले मग बादली उलटी घालून, दोन्ही कॅलिपर ताडून बघत. उजव्याच्या निपलवर रबरी टोपी आहे, डाव्याच्या नाही. मागे गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदललं तेव्हा ती पडली असणार. डॉट फोर म्हणजे ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल, रंगाचा उघड शत्रू. निपलच्या भोकात उरलेलं ऑइल पावसाच्या पाण्यात मिसळून बाहेर ओघळत असेल, असं वाटलं. भोक इअरबडने कोरडं केलं, पांढरा टिश्यू गुंडाळला आणि रात्रभर ठेवला. सकाळी कोरडा. म्हटलं, सुटलो.

पण मन खात होतं, कारण भोकातल्या त्या थेंबभर ऑइलने तीन-तीन वेळा रंग कसा खावा? भाच्याला गाडीत बसवलं, इंजिन चालू, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि पेडल दाबून धरायला सांगितलं. "मावशी, अजून किती वेळ?" असं त्याने तिसऱ्यांदा विचारलं तोवर टिश्यूवर मसुराएवढा ओला डाग! पाणी असतं तर वाळलं असतं. हा डाग दुसऱ्या दिवशीही तसाच, बोटांत चोळला तर बुळबुळीत. निपल झिरपत होता. इतका किंचित, की बाटलीतली पातळी उतरल्याचं कळणंच शक्य नाही. पॅड झिजले तरी ती उतरतेच.

लहान रिंग पान्याने पाव आटा सैल केला, थोडं ऑइल नळीतून वाहू दिलं, पुन्हा बेताने आवळलं. नंतर दहा मिनिटं पेडल दाबलं, टिश्यू कोरडा. निपलचं टोक आत जिथे टेकतं त्या सीटवर कचऱ्याचा कण अडकला असावा. कुणीतरी आट्यांना टेफ्लॉन टेप सुचवली होती. नको. निपल आट्यांवर नाही, टोकाच्या कोनावर बसून सील होतो. आणि जोर लावून आवळू नका, आत तुटला तर कॅलिपरच बदलावा लागू शकतो.

तरी धोका नको म्हणून दोन्ही निपल नवे घेणार, टोप्यांसकट. नाना पेठेत मिळतील. आपल्या नेहमीच्या ऑनलाइन विक्रेत्याचं 'ओरिजिनल' मी आता मनावर घेत नाही.

रंगाचं म्हणाल तर स्प्रेला रामराम. मास्किंगमध्ये तास जातो आणि शेवटच्या हाताला नोझल हमखास थुंकतं. हार्डनरवाला टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा रंग ब्रशने लावणार. जाड बसतो, आपोआप सपाट होतो, डिस्कवर उडत नाही. डॉट फोरपुढेही तो जास्त तग धरतो म्हणतात, तर आधी जुन्या ब्रॅकेटवर लावून वर ऑइलचा थेंब टाकून बघेन.

बेत फक्त डाव्याला लाल ठिगळ लावायचा होता. पण हे लिहिता लिहिता ड्रमकडे लक्ष जातंय आणि लाल डोळ्यांत खुपायला लागलाय. एका पिस्टनच्या साध्या तरंगत्या (पिनांवर सरकणाऱ्या) कॅलिपरला एवढा नट्टापट्टा कशाला? (साध्या ब्रेकवर ब्रेम्बो या महागड्या ब्रेक कंपनीचे स्टिकर चिकटवणाऱ्यांशी मी बोलतच नाही.) गडद राखाडी करते, दोन्ही. म्हणजे उजव्याचा धडधाकट रंगही खरवडणं आलं. तोवर गाडी एकीकडून लाल, दुसरीकडून उघडी. राखाडीत मॅट घेतलेलं कुणी आहे का? ब्रेकची काळी धूळ त्यावर किती दिसते ते सांगा, डबा रविवारी घ्यायचाय.