जोडीच्या हिशेबाने आणलेले मासे

जूनमध्ये कोथरूडच्या घरी दोन फुटी टँक मांडला आणि दुकानातून सगळे मासे जोडीने आणले. भावच जोडीचा असतो. निऑन टेट्रा, टायगर बार्ब, कोरीडोरास, एंजल: प्रत्येकी दोन. कुणाला एकटं वाटू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

पंधरा दिवसांत एंजलचे लांब पर कुरतडलेले दिसले. एक बार्ब दुसऱ्याला दिवसभर कोपऱ्यात दाबायचा. निऑन हीटरमागे दडलेले, रंग उडालेला. पाणी तपासलं, माशांच्या घाणीतून होणारी विषारी द्रव्यं, म्हणजे अमोनिया, नायट्राइट, शून्य. तरी घाबरून औषध टाकलं. ते टाकायला नको होतं.

बरीच वर्षं टँक सांभाळणारे शेजारचे काका येऊन पाहून गेले. म्हणाले, "तुझ्याकडे जाती चार आहेत, पण थवा एकही नाही." टायगर बार्ब आठ-दहा असले की त्यांची भांडणं आपसात वाटली जातात. दोनच असले की सगळा मार एकाच्या वाट्याला, नाहीतर शेजारच्या एंजलच्या परांवर. निऑनना तर आजूबाजूला आपल्यासारखे दिसले नाहीत, तर उघड्यावर यायचा धीरच होत नाही.

चोपन्न लिटरमध्ये चार थवे मावणार नव्हते. निवड करणं फार जड गेलं. बार्ब काकांच्या चार फुटी टँकमधल्या थव्यात गेले. एंजल त्यांच्या दुसऱ्या, उंच टँकमध्ये. मोठा झालेला एंजल निऑन गिळतोच.

मग निऑन वाढवले, पण एकदम नाही. फिल्टरमधल्या जिवाणूंना वाढीव घाण पचवायला वेळ लागतो. आधी चार, महिन्याने पाच. नव्यांचा आजार टँकमध्ये येऊ नये म्हणून दोन्ही वेळा दोन आठवडे वेगळ्या टबमध्ये, स्पंज फिल्टर आणि हीटर लावून. पहिल्या खेपेतला एक टबमध्येच गेला. वाईट वाटलं, पण बाकीचे वाचले. कोरीडोरास सहा केले, सगळे एकाच जातीचे. दुकानात ठिपक्यांचे आणि साधे मिसळून देत होते, तिथे मी अडून बसले. ते तळ उकरत खातात, म्हणून मिशांना इजा होऊ नये यासाठी टोकदार खडी काढून बारीक वाळू घातली.

आता दहा निऑन दिवसभर पुढच्या काचेशी असतात, रंग लखलखीत. पाहुणे विचारतात, हे एका रांगेत का पोहत नाहीत? घट्ट गोळा होतात ते घाबरल्यावर. स्वयंपाकघरात भांडं पडलं की दहाही एकमेकांना चिकटतात, आणि मिनिटाभरात पुन्हा टँकभर पांगतात.